सहा इंची इस्टेट

बँकेत बावीस वर्षे काढली की माणसाची नजर बिघडते. चष्म्याच्या दुकानात तपासतात ती नव्हे. ही नजर वेगळी. लग्नाला जावे तर नवरीच्या गळ्यातला राणीहार किती तोळ्यांचा आणि त्यावर कर्ज किती बसेल, हा हिशेब अक्षता पडायच्या आत डोक्यात तयार असतो. शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जावे, तर उघड्यावर बसलेल्या त्या देवापुढे लोकांचे हात जुळतात आणि माझ्या मनात येते, छप्परच नाही म्हटल्यावर इमारतीचा विमा कोण उतरवणार? मी बी.कॉम. आहे. हा दोष पदवीचा की नोकरीचा, हे आमच्या हिला अजून ठरवता आलेले नाही.

तेव्हा गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, आणि नानांचे पाने-पक्कड व माझ्या दहावीच्या वह्या यांच्या तळाशी सहा इंच उंचीचा एक लाल-निळा प्लॅस्टिकचा पुतळा सापडला, तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हेच, "याची आज किंमत काय असेल?"

"भंगारवाला प्लॅस्टिक किलोवर घेतो," ही म्हणाली. "आणि हे छटाकभर आहे."

मी पुतळ्याचे पाय मागे दुमडले, हात आत सरकवले, डोके पोटात ढकलले. तीस वर्षांनंतरही बोटांना सगळे आठवत होते. बघता बघता राक्षसाचा ट्रक झाला. आमची कन्या मोबाईलमधून सहसा मान वर काढत नाही. तिने काढली.

"पप्पा, हा तर ट्रान्सफॉर्मर!"

आमच्या बोदवडमध्ये ट्रान्सफॉर्मर म्हणजे शेताच्या बांधावरची डीपी. ती ऐन पाण्याच्या दिवसांत जळते आणि मग आठ दिवस शेतकरी वायरमनच्या मागे फिरतात. 'ट्रान्सफॉर्मर सापडला' असे मी दुसऱ्या दिवशी शाखेत जाहीर केले, तर काउंटरवरच्या एका पाटलांनी 'कोणाच्या शेतातला?' असे विचारले. म्हणून ही हकिगत मुळापासून सांगितली पाहिजे.

हा ट्रक आमच्या घरी आला तो १९८८ च्या दिवाळीत. त्या काळी परदेशी खेळणे सरळ दुकानात मिळत नसे. आयातीवर सरकारची बंधने होती आणि ती पुरती उठायला २००१ साल उजाडले. परदेशी वस्तू यायच्या त्या कोणाच्या तरी मामाच्या पिशवीतून. आमचे मामा मुंबईला गोदीत कारकून होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यातून ते काहीबाही आणत आणि 'कुठून आणले' हे विचारायचे नाही, असा घरात नियम होता. आपल्याला भाचे दोन आहेत हे मामांना माहीत होते. पण त्यांनी हिशेब केला, की ही वस्तू एकात दोन आहे, तेव्हा एकच पुरे. मामांच्या या बचतीपायी आमच्या घरात पाच वर्षे यादवी चालली.

मी सात वर्षांचा, धाकटा पाच वर्षांचा. माझे म्हणणे, हा ट्रक आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगबाहेर ट्रकांची रांग लागायची ती पाहत मी मोठा होत होतो. ट्रकड्रायव्हर होण्यापलीकडे मला महत्त्वाकांक्षा नव्हती. धाकट्याचे म्हणणे, हा घटोत्कच आहे. त्याच ऑक्टोबरात टीव्हीवर 'महाभारत' सुरू झाले होते आणि पुढची सगळी कथा आजी आधीच सांगून मोकळी झाली होती. मी ट्रक करून झोपावे, तर सकाळी उशाशी घटोत्कच उभा! शेवटी नानांनी निवाडा दिला. नाना जिनिंगमध्ये फिटर. मशीन असो की मुले, त्यांचे बोलणे मोजके. "सोम, बुध, शुक्र ट्रक. मंगळ, गुरू, शनि राक्षस. रविवारी ज्याचा अभ्यास झाला त्याचा." रोज दिवेलागणीला देवाला नमस्कार झाला की ताबा बदलायचा. ट्रकच्या कॅबिनची काच उघडून आत पाहिले तर दोन इवलीशी आसने होती. त्यांत आम्ही दोन चिंचोके बसवले. एक मी, एक तो. एवढ्या एका बाबतीत आमचे एकमत होते.

असो. पुढची कथा सांगण्याआधी शाखेत नव्याने आलेल्या आमच्या साहेबांची ओळख करून दिली पाहिजे. साहेब पुण्याचे, वय सत्तावीस. ते मला 'काका' म्हणतात, मी त्यांना 'साहेब' म्हणतो. नोकरशाहीत वय आणि मान यांचा ताळेबंद असाच जुळवायचा असतो. मी ट्रान्सफॉर्मरचे नाव काढताच त्यांनी हातातली फाईल खाली ठेवली. फाईल खाली ठेवताना मी त्यांना प्रथमच पाहिले. साहेबांच्या पुण्याच्या घरी असले साठ-सत्तर रोबो काचेच्या कपाटात उभे आहेत, आणि त्यांच्यापायी एक ठरत आलेले लग्न मोडले आहे, ही माहिती त्याच दिवशी मिळाली. मग रोज जेवणाच्या सुटीत त्यांनी माझी शिकवणी घेतली. तिचा सारांश मी माझ्या पद्धतीने, म्हणजे खातेवहीतल्या नोंदींप्रमाणे देतो.

पहिली नोंद अमेरिकेची, सन १९६४. हॅस्ब्रो नावाच्या कंपनीने मुलग्यांसाठी जी. आय. जो नावाचा एक फूट उंचीचा सैनिक काढला. आता हा होता बाहुलाच. पण अमेरिकेतला बाप मुलाला बाहुली घेऊन देईना. म्हणून त्या बाहुल्याला 'ॲक्शन फिगर' असे भारदस्त नाव दिले. आपल्याकडे ही अडचण आली नसती. आपल्या भातुकलीत बाहुला असतोच, त्याचे थाटात लग्न लागते आणि व्याहीभोजनाला पोरगेही जेवून जातात.

दुसरी नोंद जपानची. हा सैनिक परवान्याने जपानात टाकारा या कंपनीकडे गेला. सत्तरीच्या सुरुवातीला तिथे सैनिकापेक्षा रूप पालटणारे वीर पोरांना जास्त आवडू लागले, तेव्हा टाकाराने त्याच अंगकाठीचा पारदर्शक 'हेन्शिन सायबॉर्ग' काढला. हेन्शिन म्हणजे रूप पालटणे. एवढ्यात १९७३ साली तेलाचे भाव भडकले. प्लॅस्टिक तेलापासूनच होते, म्हणजे एक फुटी बाहुला परवडेना. १९७४ साली टाकाराने 'मायक्रोमॅन' काढला, उंची जेमतेम चार इंच. महागाई वाढली की आमच्या स्टँडवरचा वडाही असाच मायक्रो होतो; फरक एवढाच की त्याला कोणी नवे नाव देत नाही. त्याच वर्षी पॉपी नावाच्या दुसऱ्या जपानी कंपनीने 'माझिंगर झेड' हा ओतीव धातूचा वजनदार रोबो विकायला आणला, आणि १९७५ साली तिथल्या टीव्हीवर 'रायडीन' आला, जो रोबोचा पक्षी होत असे. त्याचे खेळणेही तसेच निघाले. अंगावरचे कपडे बदलणे वेगळे आणि अंगच बदलणे वेगळे. हा दुसरा प्रकार इथून जोरात सुरू झाला.

मग १९८० साली टाकाराने 'डायाक्लोन' नावाची मालिका काढली. १९८२ पासून तीत रस्त्यावरच्या खऱ्या मोटारींसारख्या मोटारी आल्या आणि त्यांचे रोबो होऊ लागले. या मोटारी चालवायला सव्वा इंचाचे छोटे चालक असत, पायात लोहचुंबक बसवलेले. १९८३ साली 'मायक्रो चेंज' आली. तीत घरातल्या वस्तूंचे रोबो होत: कॅसेट प्लेअर, कॅमेरा, पिस्तूल. एका मालिकेतली मोटार मुठीएवढी, तर दुसरीतले पिस्तूल खऱ्या पिस्तुलाएवढे. दोन्हींचा मेळ कुठेच बसत नव्हता, आणि बसवायचे कारणही नव्हते. त्या दोन वेगळ्या चुली होत्या.

चुली एकत्र केल्या त्या अमेरिकेने. आणि तिथे जो माणूस मध्ये पडला त्याची कथा साहेबांनी सांगितली, तेव्हा माझा डबा तसाच राहिला.

हेन्री ओरेनस्टाईन हा १९२३ साली पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. त्याचे आईवडील नाझींनी मारले. हा एकामागून एक छळछावण्यांत फिरत राहिला. एका छावणीत जाहीर झाले, की ज्यू शास्त्रज्ञ आणि गणिती यांनी नावे द्यावीत. याला शास्त्रातले काही येत नव्हते. तरी याने नाव दिले, आणि एकट्याचे नव्हे, भावांचीही दिली. त्या खोट्या नोंदीने तो जगला. युद्ध संपल्यावर अमेरिकेत जाऊन त्याने बाहुल्यांचा धंदा केला, मिळवले, घालवले, पुन्हा मिळवले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खेळण्यांच्या एका प्रदर्शनात त्याला जपानी बनावटीची एक लहानशी मोटार दिसली, जी वळवली की विमान व्हायची. त्याने ती हेरली आणि हॅस्ब्रो व टाकारा यांची गाठ घालून दिली. दोन्ही मालिकांचे साचे एका नावाखाली आले आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' बाजारात उतरले. ओरेनस्टाईन २०२१ साली, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन, करोनाने गेला. ज्या माणसाने स्वतः वेगळेच रूप घेऊन जीव वाचवला, त्यालाच ही वस्तू प्रदर्शनातल्या हजार वस्तूंतून दिसावी, याचे मला नवल वाटत नाही.

पुढची नोंद करमणुकीची आहे. खेळणी होती, पण त्यांना कथा नव्हती. हॅस्ब्रोने ती मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीकडून लिहून घेतली. जिम शूटर याने आराखडा केला. डेनी ओ'नील याने ट्रकला 'ऑप्टिमस प्राईम' हे नाव दिले. बाकीच्या बहुतेकांची नावे आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की या संपादकाने थोड्या दिवसांत बसवून दिले. आमच्याकडे बारशाला एका पोराचे नाव ठरेपर्यंत दोन घराणी दुरावतात. या गृहस्थाने वीस-पंचवीस नावे एका बैठकीच्या हिशेबाने उरकली. जपानात हे रोबो म्हणजे यंत्रे होती, आत चालक बसायचा. अमेरिकेच्या कथेत ते स्वतःच जिवंत झाले, दोन टोळ्यांत भांडू लागले आणि चालकाची गरज संपली. चालक काढून टाकले. पण साचे जपानीच होते. ते कोण बदलणार? म्हणून सुरुवातीच्या कितीतरी खेळण्यांत चालकाच्या जागा तशाच राहिल्या. कोणी न बसणारी आसने.

हे ऐकले तेव्हा आमचे दोन चिंचोके आठवले. चार वर्षे त्या जागा कोणासाठी आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि आम्ही बरोबर तेच केले होते.

१९८६ साली हॅस्ब्रोने ट्रान्सफॉर्मर्सचा पडद्यावरचा कार्टूनपट काढला आणि त्यात ऑप्टिमस प्राईमला मारून टाकले. कारण वाणिज्य शाखेच्या कोणालाही कळेल असे होते: जुना माल काढायचा, नवा लावायचा. पण थिएटरात पोरे रडू लागली, घरोघरीच्या आयांनी पत्रे लिहिली, आणि १९८७ साली कंपनीला प्राईमला जिवंत करावे लागले. ताळेबंदात निर्लेखित केलेली वस्तू लोकांनी रडून पुन्हा जमेच्या बाजूला आणली, असे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. आमच्या शाखेत निर्लेखित कर्जे आहेत. त्यांच्यासाठी कोणी रडत नाही.

याच सुमारास दुसरे एक घराणेही होते. बांदाई या जपानी कंपनीची 'मशीन रोबो' खेळणी टोंका ही अमेरिकन कंपनी 'गोबॉट्स' म्हणून विकत होती. बाजारात ती आधी आली होती, पण हरली. १९९१ साली हॅस्ब्रोने टोंकाच विकत घेतली. भाऊबंदकीचा निकाल असाही लागतो.

आणि या खातेवहीत आपल्या बाजूचीही एक नोंद आहे. १९८७ साली मद्रासची टायरवाली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी निघाली आणि गोव्यातल्या कारखान्यात जी. आय. जो तयार होऊ लागला. साचे अमेरिकेचे, पण रंग आपले. तिकडे गंभीर हिरव्या गणवेशातला शिपाई आपल्याकडे पिवळाजर्द होऊन रंगपंचमीहून आल्यासारखा उभा राहायचा. त्या वेळी अमेरिकेत कोणी पाहिले असते तर हसले असते. आज तिकडचेच संग्राहक हे गोव्याचे शिपाई शोधत फिरतात, कारण असे रंग दुसरीकडे झालेच नाहीत. चूक पुरेशी जुनी झाली की तिला दुर्मीळ म्हणतात.

इतिहास इथपर्यंत झाल्यावर साहेबांनी एका शनिवारी कामकाज संपल्यावर माझ्या ट्रकचे मूल्यांकन करायचे ठरवले. जागा कोणती, तर सोनेतारणाचे टेबल. तिथे भिंग होते, दिवा होता आणि तोळ्यामाशाचा काटा होता. आमचे मूल्यांकनाचे सराफही चहासाठी थांबले होते. तेही खुर्ची ओढून बसले.

साहेब म्हणाले, "काका, सगळ्यात वरचा वर्ग म्हणजे कधीच न उघडलेला खोका. त्यानंतर खोका उघडलेला, पण सगळे भाग आणि माहितीपत्रक शाबूत. मग सुटा पण पूर्ण. शेवटी सुटा आणि अपूर्ण. अमेरिकेत तर एक संस्था शंभरपैकी गुण देते आणि वस्तू प्लॅस्टिकच्या पेटीत कायमची बंद करून पाठवते."

"म्हणजे मग खेळायचं कधी?" सराफांनी विचारले.

"खेळायचं नसतं."

"मंग भो, ते खेळणं कसं?"

साहेबांनी या प्रश्नाची नोंद घेतली नाही. त्यांनी पुढची लक्षणे सांगितली. सांधे घट्ट हवेत. रोबो उभा करून सोडला की हात खाली पडता कामा नयेत. क्रोमचा मुलामा झिजलेला नको. चिकटचित्रे मूळचीच आणि सरळ हवीत. पांढरे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते, तेही नको. १९८५ पासून अंगावर एक काळी खूण लावत, बोटाने चोळली की ऊब लागून आतले टोळीचे चिन्ह दिसायचे. ती असेल तर माल अस्सल. आणि सगळ्यात वाईट रोग म्हणजे सोनेरी प्लॅस्टिकचा. ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदीच्या सुरुवातीला प्लॅस्टिकमध्ये चमकी मिसळून सोनेरी भाग ओतत. ते प्लॅस्टिक काही वर्षांत आपोआप ठिसूळ होते. तुम्ही वापरा, न वापरा, कपाटात ठेवा; एक दिवस नुसते वळवायला घेतले की हातात भुगा.

"सोन्यासारखं दिसणारं सगळंच असं असतं," सराफ म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांचे आणि साहेबांचे एकमत झाले.

मग माझा ट्रक दिव्याखाली गेला. साहेबांनी उलटा केला, सुलटा केला, भिंगातून पाहिला, काट्यावर ठेवला. मी बावीस वर्षे दागिने घेऊन येणाऱ्या बायकांचे चेहरे या टेबलाच्या अलीकडून पाहिले आहेत. पलीकडे बसले की कसे वाटते ते त्या दिवशी कळले.

"काका, हा मूळचा नाही," साहेब हळूच म्हणाले. "कंपनीचा आणि सालाचा छापच नाही. मूळच्यात धातूचे भाग असतात, हा सगळा प्लॅस्टिक. तैवानची नक्कल असावी. एक मूठ नाही."

मूठ चांगदेवच्या जत्रेत गेली होती, तापी-पूर्णेच्या संगमात. मूळच्या खेळण्यातही मुठी सुट्याच होत्या आणि जगभरच्या पोरांनी पहिल्या त्याच हरवल्या, असे सांगून साहेबांनी माझे सांत्वन केले.

"बंदूक नाही. आणि हे काय? पाठीवर कोणीतरी एमएच १९ रंगवलंय."

ते मी. १९८९ साली गाड्यांना एमएच क्रमांक सुरू झाले आणि जळगाव जिल्ह्याला १९ आला, तेव्हा नानांच्या डब्यातला पांढरा रंग घेऊन मी गाडी कायदेशीर केली होती. धाकट्याने सूड म्हणून राक्षसाच्या कपाळाला कुंकू लावले. तेही अजून पुसटसे होते.

"आणि उजव्या खांद्यात हा तार आहे?"

"सायकलचा स्पोक," मी म्हणालो.

रोज एकदा तरी रूप पालटायचे, वर्षाचे तीनशेच्या वर. तीन वर्षांत खांदा निखळला. मी म्हणालो त्याने मोडला, तो म्हणाला मी मोडला. नाना काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर सायकलचा एक स्पोक कापून, तापवून, त्यांनी तो खांद्यातून आरपार घातला आणि दोन्ही टोके इतकी बारीक वळवली, की हात फिरायचा पण सुटायचा नाही. मग दोघांच्या मध्ये ठेवून म्हणाले, "आता मोडला तर माझ्याजवळ आणू नका." तो पुन्हा मोडला नाही.

साहेबांनी खांदा चार वेळा फिरवला. "सांधा मात्र कंपनीपेक्षा घट्ट आहे," ते म्हणाले. मग हिशेब सांगितला: नक्कल, अपूर्ण, रंगवलेला, दुरुस्त केलेला. "शंभर रुपये. तेही काका, ओळखीचे म्हणून."

सराफांनी विचारले, "अन् यात घट किती धरायची?"

घरी आलो ते काहीसा चिडूनच. पुण्यात दिनकर केळकर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. अल्पवयात गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले, आणि त्यात काय जमवले? दिवे, अडकित्ते, लाटणी, बाहुल्या, दौती. म्हणजे लोकांनी हाताळून, झिजवून, घासून ठेवलेल्या वस्तू. न वापरलेला अडकित्ता पाहायला केळकर संग्रहालयात कोण जाईल? मी एकदा ही सगळी दालने हिशेबनीसाच्या नजरेने पाहिली होती आणि कुठेही किमतीची चिठ्ठी नाही म्हणून अस्वस्थ झालो होतो. आता साहेबांच्या कोऱ्या खोक्यांपुढे मला केळकरांचा पक्ष घ्यावासा वाटू लागला. पण खरे सांगायचे तर माझा राग शंभर रुपयांवर नव्हता. साहेबांनी 'अपूर्ण' म्हटले होते, आणि उरलेला भाग कुठे आहे हे मला माहीत होते.

बंदूक धाकट्याकडे होती. शिकायला नाशिकला गेला तेव्हा ट्रक माझ्याकडे ठेवून बंदूक तो खिशात घालून गेला. आता चाकणला कंपनीत आहे. नाना २०२२ साली गेले. त्यानंतर मागच्या दोन खोल्या आणि अंगणातला कडुनिंब कोणाच्या वाट्याला, यावरून आमचे बोलणे झाले आणि मग बोलणे बंद झाले. दोन आखाज्या झाल्या, दोन दिवाळ्या झाल्या. तो म्हणतो ते घर आहे, राहायचे. मी म्हणतो ती मिळकत आहे, विकून पैसे करायचे. एकाच तीन खोल्या. सोम-बुध-शुक्र सांगायला आता नाना नव्हते.

"भाऊजींना फोन करा," ही म्हणाली.

"कशाला? शंभर रुपयांच्या वस्तूसाठी?"

"बरं, नका करू," ती म्हणाली, आणि ट्रक उचलून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवून आली. आठ दिवस मी जेवायला बसलो की तो समोर दिसे. कधी ट्रक असे, कधी राक्षस. पालटते कोण, हे कन्येलाही विचारले नाही.

नवव्या दिवशी, दुपारी काउंटरवर गर्दी कमी पाहून मी फोन लावला.

"मी बोलतोय."

"बोल दादा."

"अरे, घटोत्कच सापडला."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. कंपनीतल्या यंत्रांचा आवाज तेवढा येत होता.

"आपला ट्रक?" तो म्हणाला.

पस्तीस वर्षांत हे दोन शब्द आमच्या तोंडी असे उलटे प्रथमच आले होते. दोघांच्याही ते लक्षात आले आणि दोघांनाही पुढे काय बोलावे सुचेना. अशा वेळी मला हिशेबच आठवतो. मी त्याला साहेबांचे मूल्यांकन सांगितले. म्हटले, घसारा पूर्ण झालेली वस्तू पुस्तकातून काढून टाकत नाहीत. नाममात्र एक रुपया किमतीला ठेवतात, म्हणजे ती आहे हे विसरायला होत नाही.

"मग माझे पन्नास पैसे झाले," तो म्हणाला.

"झाले."

"स्पोक आहे का अजून?"

"आहे. घट्ट आहे."

"ते पन्नास पैसे न्यायला येतो आखाजीला. खोल्यांचं तेव्हा बोलू. पण दादा, आधीच सांगतो, कडुनिंब तोडायचा नाही."

"ते तेव्हा बघू. बंदूक तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे. पण ती माझी आहे. मी देणार नाही."

"देणार नाही म्हणजे काय? अर्धी माझी आहे!"

"बंदूक राक्षसाची असते. ट्रकला कशाला लागते बंदूक?"

एवढ्या वर्षांनी तोच मुद्दा, त्याच आवाजात! माझाही आवाज आपोआप चढला. "ते मला शिकवू नकोस! येशील तेव्हा बंदूक घेऊनच ये! समजलं? बंदुकीशिवाय पाय ठेवू नकोस!"

फोन ठेवून वर पाहिले तो काउंटर रिकामा. पासबुक भरायला आलेल्या दोन आजीबाई भिंतीला चिकटल्या होत्या, कापसाचे पैसे घ्यायला आलेले पाटील दारापर्यंत पोचले होते, आणि आमचा पहारेकरी, ज्याने बावीस वर्षांत खांद्यावरची बंदूक कधी खाली घेतलेली नाही, ती उतरवून तिला चाप कुठे असतो हे शोधत होता.